टिटवीची जागा

आमच्या शाळेतल्या मास्तरांच्या घरी चपला उंबऱ्याबाहेर काढाव्या लागत. पण देवासाठी नव्हे, शनीच्या कड्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून. पुढच्या खोलीची शहाबादी फरशी हे त्यांच्या खेळातले आकाश होते. रविवारी सकाळी खाट, दोन खुर्च्या आणि शिवणयंत्र अंगणातल्या कडुनिंबाखाली जाई. ओल्या फडक्याने फरशी पुसली जाई, आणि वाळता वाळता तिच्या निळसर काळ्या अंगातून भिजल्या पाटीसारखा थंड वास येई. मग मास्तर गुडघ्यांवर बसून खडूने ग्रह आखीत. मास्तरीणबाईंची एक हिरवी बांगडी शनीभोवती बसे. शेवटी मूठभर चिंचोके घेऊन ते डोळे मिटत आणि खोलीभर भिरकावून देत. ते उल्कांचे खडक. मी एकदा त्यांतले काही उचलून जरा शोभतील असे ठेवले, तर दुखावल्यासारखे म्हणाले, "बाई, पडले तसे राहू द्या. आभाळ कोणी मांडून ठेवलं नाई."

अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत ते भूमिती आणि चित्रकला शिकवीत, आणि मी मराठी. मी अकोल्याहून आले होते, वडिलांशी एका वर्षाची बोली करून. आप्पा अकोल्याला वकिली करीत. "एक वर्ष हौस भागवून घे आणि मग घरी ये," असे त्यांनी सांगितले होते, आणि आप्पांचे सांगणे आमच्या घरी निकालासारखे असे. ते कठोर होते असे नव्हे. उलट ते मला नेहमी आधी बोलू देत. माझी कारणे मान तुकवून ऐकत, आणि मग त्यातले एकेक कारण अलगद उचलून, संत्र्याची फोड सोलावी तसे सोलून, माझ्याच हातावर ठेवत. त्यांच्याशी वाद घालून मी आयुष्यात कधी जिंकले नव्हते. आणि मला तर पहिल्या महिन्यातच कळून चुकले होते की मला परत जायचे नाही. सकाळी बाजाराकडे निघालेल्या संत्र्यांच्या बैलबंड्यांचा आंबटगोड वास माझ्या भाड्याच्या खोलीत शिरे. वर्गात मुली एका सुरात कविता म्हणू लागल्या की खिडकीच्या गजांनाही कंप सुटल्यासारखा वाटे. हे सगळे सोडून जायचे म्हणजे वाचता वाचता कुणी दिवा मालवून टाकावा तसे होते.

मास्तर ठेंगणे होते. कानांच्या पाळ्यांवर खडूची भुकटी कायमची बसलेली, त्यामुळे पाठीमागून पाहिले तर नुकतेच पुडक्यातून काढल्यासारखे दिसत. फळ्यावरचा लाकडी कंपास बंदुकीसारखा खांद्याला लावून ते सायकलवरून शाळेत येत. मुलींनी त्यांचे नाव कंपासमास्तर ठेवले होते, आणि ते त्यांना ठाऊक होते. वऱ्हाडी बोली त्यांनी शाळेच्या फाटकातही उतरवून ठेवली नव्हती. पुण्याहून आलेल्या आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू, त्यांना ते बोलणे प्रारंभी भांडणच वाटे. त्यांनी बोलावणे पाठवले की हे दारात उभे राहून विचारीत, "काहून बोलावलं, बाई?" आणि मोठ्या बाई दौतीचे झाकण लावून टाकीत.

खेळाचा जन्म झाला तो रशियाने आकाशात कृत्रिम चंद्र सोडला त्या सुमारास. सारे गाव संध्याकाळी गच्च्यांवर उभे राहून वर बघत होते. मास्तर म्हणे त्या वेळी अंगणात उकिडवे बसून जमिनीवर रेघा ओढीत होते. मला त्यांनी कारण सांगितले ते असे : "आज चेंडू गेला, उद्या माणूस जाईन. माणूस गेला का भांडण आलंच. मंग त्या भांडणाचे कायदे कोणी पयलेच करून ठेवाले नको?" हे काम जगात दुसरे कोणी अंगावर घेत नाही असे पाहून त्यांनी ते घेतले होते.

त्यांच्या ताफ्यातली सर्वांत मोठी युद्धनौका गजराज. ती अर्ध्या लाटण्याची होती. लाटणे आधीच तुटलेले होते असे मास्तर सांगत. तुटले नव्हते, तोडले, असे मास्तरीणबाई सांगत. सामानाची नौका म्हणजे बंडी : शिवणाच्या दोऱ्याचे रिकामे रीळ, तिला तोफच नाही. आणि सर्वांत लहान ती टिटवी. अर्धी सुपारी, तिच्यात खोचलेल्या कडुनिंबाच्या दोन काड्या, पाय वर केल्यासारख्या. आभाळ कोसळले तर झेलता यावे म्हणून टिटवी पाय वर करून झोपते, असे आपल्याकडे म्हणतातच.

तोफेचा मारा कवड्यांनी ठरे. गजराजाला मूठभर कवड्या टाकायला मिळत, टिटवीला एक. जितक्या उताण्या पडतील तितके घाव. तोफ फक्त समोर चाले. प्रत्येक नौकेची एक दोरी असे. डाव आला की निघताना काय वळायचे ते वळायचे आणि पूर्ण दोरीभर सरळ जायचे, कमी नाही की जास्त नाही. "आभाळात ब्रेक नसते," हे मास्तरांचे वचन. टिटवीची दोरी आखूड, पण ती हवी तिकडे वळे. गजराजाची दोरी लांबलचक, पण वळायचे ते तीस अंशांच्या आत. कोनमापक घेऊन मास्तर स्वतः पहारा देत.

हे तीस अंश त्यांनी कसे ठरवले ती हकीकत शाळेत वर्षानुवर्षे सांगितली जाई. जड वस्तूला वळायला किती जागा लागते हे कळावे म्हणून एक आठवडा ते स्वतः गजराज होऊन जगले. चार पावले सरळ, मग थोडेसे वळण, पुन्हा चार पावले सरळ. शिक्षकांच्या खोलीचे दार त्यांच्या डाव्या हाताला येई आणि निघून जाई. मग ते सातवीच्या वर्गात एका दाराने शिरत, टाके घालणाऱ्या मुलींमधून गंभीर चेहऱ्याने जात, दुसऱ्या दाराने बाहेर पडत, विहिरीला वळसा घालत, आणि खोलीच्या दाराशी पोचत तेव्हा मधली सुट्टी संपल्याची घंटा होत असे. मोठ्या बाईंनी एकदा विहिरीपाशी त्यांना गाठले.

"मास्तर, आपण चाललात तरी कुठे?"

"तुमच्याकडेच येऊन राहिलो, बाई. वळून राहिलो."

आणि ते त्यांच्या अंगावरून पुढे निघून गेले. चौकातल्या टांगेवाल्यांनाही त्या आठवड्याची सवय झाली होती. मास्तरांची सायकल दिसली की ते घोडे आवरून धरत आणि म्हणत, "जाऊ द्या बाप्पा, लंबा मोड आहे मास्तरचा."

दोन नौकांचे अंग अंगाला लागले तर जी येऊन आदळली ती तिथेच थांबे, आणि त्या डावापुरती तिची तोफ मुकी होई. हा नियम मास्तरीणबाईंच्या नावावर होता. एके दिवशी बाजारात जायला निघालेल्या मास्तरांच्या वाटेत त्या दारात उभ्या राहिल्या. हातात काही नाही, तोंडाने एक शब्द नाही. मास्तर म्हणाले, बाजूला सरक. त्या सरकल्या नाहीत. मास्तर ओरडायला गेले, पण इतक्या जवळून ओरडता येईना. मुकाट्याने आत येऊन बसले तेव्हा त्यांना आठवले की पिशवी विसरली होती, आणि आणखी थोड्या वेळाने असे, की लढाईचा एक मोठाच सिद्धान्त हाती लागला आहे. मास्तरीणबाई स्वतः कधी खेळल्या नाहीत. रविवारी दुपारी झाडू घेऊन उंबऱ्यावर उभ्या राहत आणि विचारीत, "झालं का तुमचं? का येऊ देऊ हा धूमकेतू?"

पण ज्या नियमावर तो खेळ खरा उभा होता तो याहून साधा होता. ज्याची तोफ लहान, त्याने आधी चालायचे. मग त्याच्याहून मोठ्याने, आणि गजराजाने सर्वांत शेवटी. पहिल्यांदा मला हे लहानांचे लाड वाटले. दोन-चार डाव खेळल्यावर कळले की ही तर शिक्षा आहे. टिटवी जिथे जाऊन बसे ते गजराज नीट पाहून घेई आणि मग निवांतपणे तिच्यावर तोंड वळवी. मी तसे म्हटले तेव्हा मास्तर चिंचोके वेचत होते. त्याच्या काही वर्षे आधी ते आणि मास्तरीणबाई पांढऱ्या कपड्यांत नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि खेळताना नौकेची दोरी कधी कधी तिच्या खिळ्याला अडकवलेली असे. ते मान वर न करता म्हणाले, "आमच्या आज्यानं साऱ्या गावाच्या पंगती उठताना पायल्या, बाई. त्याचं पान सर्व्यात शेवटी, तेबी बाहेर. म्या ठरवलं, माह्या आभाळात ज्याच्यापाशी कमी तो पयले. आता पयले जाणं सोपं असते असं मी कुठी म्हणलं?"

आणि मग लगेच नेहमीचे हसून, "त्याले अभ्यास लागते."

तो अभ्यास मला यायला फार दिवस लागले. मास्तरांनी हट्टाने मला नेहमी टिटवीच दिली आणि मी ती नेहमी मारून घेतली. मी तिला घेऊन धावत जाई, गजराजासमोर उभी करी आणि एकुलती एक कवडी टाकी. कवडी पालथी पडे. मग गजराजाच्या कवड्या फरशीवर खळखळत, आणि माझी सुपारी कोपऱ्यातल्या डब्यात जाई. एका रविवारी असेच झाल्यावर मास्तरांनी डब्यातून टिटवी काढून पुन्हा माझ्यासमोर ठेवली.

"बाई, हे कवडी काहून फेकून राहिल्या तुमी?"

"लढायला नको?"

"एका कवडीनं कोण मरते? तिचं काम मारायचं नाई. तिचं काम उभं राहायचं." त्यांनी गजराज उचलला, दोरी लावली, तीस अंश इकडे, तीस अंश तिकडे असे दाखवले. फरशीवर हवेत एक पंखा उघडल्यासारखा झाला. "हा इतका मोठा, पण पुढच्या डावात जाऊन जाऊन इथंच जाईन. याच्या बाहेर त्याले जाताच येत नाई. आता ह्या पंख्यात तो कुठी येईन तेवढं वळखा, आणि त्याच्या पयले तिथं जाऊन बसा. बस. तो येईन, लागंन, मुका होईन."

"आणि चुकलं तर?"

"मंग डब्बा." त्यांनी टिटवी माझ्या तळहातावर ठेवली. सुपारीचा तो गार, गुळगुळीत स्पर्श मला अजून आठवतो. "कमजोराले बलवान वाचत राहा लागते, बाई. त्याचा राग कधी येते, तो कोणत्या अंगानं वळते. बलवानाले आपल्याले वाचायची गरजच पडत नाई. तो आपल्याकडे पाहातच नाई. हेच आपलं कवच."

पुढे कितीतरी वर्षांनी माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी रेडिओवर आली, त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले होते. मला वाटले होते, ते नाचत असतील. ते अंगणात सायकलची साखळी पुसत होते. त्यांनी एवढेच विचारले, "तोफ नेली होती काय त्याईनं?" मी म्हटले, नाही. "मंग माह्या कायद्याले अजून वेळ आहे," असे म्हणून ते पुन्हा साखळीकडे वळले. पण त्यांच्या कानापर्यंत पोचलेले हसू मला दिसले.

त्या पहिल्या वर्षाच्या एप्रिलात आप्पांचा निरोप आला : रविवारी येतो, ट्रंक भरून ठेव. शनिवारी मोठ्या बाईंनी मला बोलावून विचारले, जूनपासून कायम राहणार का? उत्तर आजच हवे होते. त्यांच्या खोलीत वाळ्याच्या पडद्याचा ओला, हिरवा सुगंध भरला होता. मी डोळे मिटून तो एकदा उरात भरून घेतला आणि हो म्हणाले. आता हे आप्पांना सांगायचे होते. रात्रभर मी कारणे जमवली. मुलींचे नुकसान, मोठ्या बाईंचा आग्रह, अमरावतीचे हवापाणी. प्रत्येक कारण मी उलटून पाहिले आणि प्रत्येकात मला आप्पांचा अंगठा शिरलेला दिसला.

ट्रंक मी भरली नव्हती. आप्पा सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून आले आणि मी घाईघाईने म्हणाले की आधी आमच्या मास्तरांना भेटू. घरी सुट्टीत मी त्यांच्या गोष्टी सांगून सर्वांना हसवले होते. आप्पांनाही कुतूहल होते.

"या, वकीलसाहेब," मास्तर दारातच म्हणाले. "बसा. फक्त शुक्रावर नका बसू."

मास्तरीणबाईंनी पाण्याचा तांब्या आणला. आप्पा हात जोडून म्हणाले, "आत्ताच घेऊन आलो." ते काही घेऊन आले नव्हते. मला ठाऊक होते, आणि मास्तरीणबाईंनाही. त्यांनी तांब्यावर फुलपात्र पालथे घातले आणि तो कोनाड्यात ठेवला.

आप्पा बुद्धिबळात अकोल्याच्या वकीलमंडळींत कुणाला हरत नसत. फरशीवरचा तो पसारा पाहून त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी ओळखली. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, धोतर सावरले आणि मांडी घालून बसले.

"कायदे कुठं लिहिलेत?"

"लिहिले नाई जी. लिहिले का वकील येतात."

आप्पा इतक्या मोठ्याने हसले की कडुनिंबावरचे कावळे उडाले. मास्तरांनी डाव मांडला. आप्पांकडे एकटा गजराज. माझ्याकडे टिटवी आणि बिनतोफेची बंडी. बंडी समोरच्या भिंतीला पोचवली की मी जिंकले. वाटेत फुटली की आप्पा. बंडी एक घाव सोसू शके, दुसऱ्याने फुटे; टिटवी पहिल्यानेच.

"आणि ज्याची तोफ लहान तो पयले चालंन," मास्तर म्हणाले.

"चालू द्या लेकराला आधी. आम्हाला कसली घाई आहे?" आप्पांनी उदारपणे हात हलवला.

मी बंडी सरकवली, आणि टिटवी नेऊन गजराजाच्या पुढ्यात, जरा उजवीकडे ठेवली. बंडीवर तोंड धरायचे तर त्याने डावीकडूनही यायला हरकत नव्हती. पण आप्पा चालताना, बोलताना, जेवताना सुद्धा उजवीकडून सुरुवात करतात हे मी पाळण्यात असल्यापासून पाहत आले होते. त्यांनी उजवीकडे वळवून दोरी धरली, गजराज निघाला आणि निम्म्या वाटेवर सुपारीला टक् करून लागला.

"मुका," मास्तर म्हणाले.

"ठीक आहे. एक डाव गेला."

पुढच्या डावात बंडी आणखी पुढे गेली, आणि टिटवी उडी मारून पुन्हा त्याच्या तोंडाशी. टक्.

"मुका."

आप्पांनी चष्मा काढून पुसला. "माझी हरकत आहे. ही लढतच नाही. नुसती आडवी येते."

"लढून काय करंन जी? एक कवडी तिच्यापाशी."

"पण ही काय रीत झाली, मास्तर? माझ्या नौकेला वाट द्यायला नको?"

"ती पयले आली, वकीलसाहेब. तुमी मंग आले. पयले येऊन बसलेल्याले आता उठवाचं काहून?"

आप्पा काही क्षण मास्तरांकडे बघत राहिले. कोर्टात असा साक्षीदार भेटला की ते असेच बघत असावेत. मग माझी चाल झाल्यावर त्यांनी गजराज वळवला, आणि या वेळी दोरी अशा कोनात धरली की सुपारीच्या अगदी अंगावरून नौका गेली. मी ओरडले, "लागलं!" आप्पा ओरडले, "नाही लागलं!"

मास्तर पालथे झोपले. गाल फरशीला टेकवला, एक डोळा मिटला, आणि दुसरा त्या दोन नौकांच्या मध्ये लावला. आम्ही दोघे श्वास धरून होतो. खाली वाकलेल्या त्यांच्या पाठीवर सदऱ्याचा घामाचा डाग हळूहळू पसरत होता. त्यांनी मला वर्षभर शिकवले होते, आणि माझ्या ट्रंकेची गोष्ट त्यांना ठाऊक होती. मला वाटले, ते माझ्याकडे एकदा तरी बघतील.

"उजेड दिसून राहिला," ते तसेच पडून म्हणाले. "लागलं नाई. मारा, वकीलसाहेब."

कवड्या खळखळल्या. बंडीला एक घाव बसला. आणखी एक, की संपले. भिंत आता एका दोरीहून बोटभरच लांब होती. मी बंडी पुढे सरकवली; ती भिंतीपासून बोटभर अंतरावर थांबली. टिटवी घेऊन मी गजराजाच्या पुढे, उजव्या अंगाला गेले, आणि आप्पा मला बघून हसले. आता तेही मला वाचू लागले होते. त्यांनी नौका डावीकडे वळवली. ती मोकळी गेली. तोफेसमोर आता दोन्ही होत्या. बंडीही आणि टिटवीही. मारा मात्र एकावरच करता येई.

"सांगा, कोणावर?" मास्तरांनी विचारले.

आप्पांच्या कपाळावरची शीर उठलेली होती. इतका वेळ ज्या चिमुकल्या सुपारीने त्यांचे तोंड धरून ठेवले होते ती समोर पाय वर करून बसली होती. "हिच्यावर!" ते गरजले. "हिला आधी उडवा!"

कवड्या जवळजवळ सगळ्या उताण्या पडल्या. टिटवी डब्यात गेली. मी बंडीला बोटाने ढकलले, आणि ती भिंतीला टेकली.

आप्पा डब्याकडे, मग भिंतीकडे, मग पुन्हा डब्याकडे बघत होते. मग त्यांचे खांदे हलू लागले. आधी मला वाटले रागाने. पण ते हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"साक्षीदारावर चिडलो," ते म्हणाले, "आणि खटला गेला!"

हसता हसता त्यांना ठसका लागला. त्यांनी छातीवर हात ठेवला, इकडेतिकडे पाहिले, आणि कोनाड्याकडे बोट करून म्हणाले, "वहिनी, ते पाणी द्या बरं. घसा पार कोरडा पडला."

मास्तरीणबाईंनी फुलपात्र भरून दिले. आप्पांनी ते संपवले, पुन्हा पुढे केले, पुन्हा संपवले. "कारंजा गावचा माठ आहे काय हो? फार गार आहे." "इथलाच आहे जी," त्या म्हणाल्या, "वाळू घालतो खाली."

मग आप्पांनी मिशा पुसल्या आणि माझ्याकडे वळले. आवाज खाली आला होता. घरी दिवाणखान्यात येई तसा.

"हं. ट्रंक भरलेली दिसली नाही मला. म्हणजे तुझं काही म्हणणं आहे. बोल, तू आधी बोल."

रात्रभर जमवलेली सगळी कारणे माझ्या जिभेवर आली. मुलींचे नुकसान, मोठ्या बाईंचा आग्रह, हवापाणी. मी त्यांतले एकही उचलले नाही.

"मी काल होकार देऊन आले, आप्पा. जूनपासून मी इथंच राहणार."

"कारण?"

मी जागची हलले नाही.

"अगं, काही कारण असेल ना? कारण सांग, म्हणजे बोलता येईल."

"कारण सांगत नाही, आप्पा. होकार दिला आहे."

बाहेर शिवणयंत्राच्या लाकडी झाकणावर कडुनिंबाचा मोहर टपटपत होता. त्याचा कडवट गोड वास उंबऱ्यावरून आत आला. मास्तर आमच्याकडे पाठ करून चिंचोके वेचत होते. एकच चिंचोका त्यांनी उचलला आणि पुन्हा ठेवला, हे मला दिसले. मास्तरीणबाई रिकामे फुलपात्र हातात धरून उभ्या होत्या. माझ्याकडे इतके निरखून आप्पांनी त्याआधी कधी पाहिले होते असे मला आठवत नाही. मी नजर काढली नाही.

शेवटी त्यांनी खुंटीवरचा कोट काढला आणि एक बाही घालता घालता, दुसरीकडेच बघत विचारले, "तुझ्या खोलीची खिडकी कोणत्या अंगाला आहे?"

"पश्चिमेला."

"म्हणजे दुपारचं सगळं ऊन आत."

"हो."

"मग वाळ्याचा पडदा करून घ्यावा लागेल." त्यांनी दुसरी बाही घातली. "यंदाचा उन्हाळा तर आता सुट्टीत जाईल. पण पुढच्या उन्हाळ्याला लागेल."

मास्तर दोरी घेऊन उठलेच होते. "चला बाई," ते म्हणाले, "खिडकीचं माप घेऊन येऊ."